वाहक पट्टा म्हणजे पाणीच, असं नाही

वर कुणी म्हटलंय की मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षणात (नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजून जमिनीखालचे खडक वीज किती वाहतात हे पाहण्याची पद्धत) खोलवर वाहक पट्टा, म्हणजे वीज सहज वाहू देणारा थर, दिसला म्हणजे तिथे पाणी. इतकं सोपं नाही हो. खारं पाणी, ग्रॅफाइट, सल्फाइड खनिजं, वितळलेला खडक, सगळेच वीज वाहून नेतात. नुसत्या आलेखावरून कोण कोण ते ओळखता येत नाही. त्यात पातळ पण उत्तम वाहक थर आणि जाड पण बेताचा वाहक थर यांत ही पद्धत गोंधळते. तिला पक्का कळतो तो जाडी आणि वाहकता यांचा गुणाकार.

खोलीचं गणित मात्र मला फार आवडतं. खडकाची रोधकता (विजेला अडवण्याचा गुण, ओहम-मीटरमध्ये) गुणिले लहरीचा आवर्तकाल (एका आवर्तनाला लागणारे सेकंद), त्याचं वर्गमूळ, गुणिले साधारण ५००, उत्तर मीटरमध्ये. १०० ओहम-मीटरच्या खडकात १ सेकंदाची लहर ५ किमीपर्यंत डोकावते, १०० सेकंदांची ५० किमी. म्हणजे जितकं खोल पाहायचं, तितका वेळ यंत्र जमिनीत पुरून बसायचं. लहरी फुकटच्या: विजांचा कडकडाट आणि सौर वारा.

आपल्याकडे बेसाल्ट किती जाड, हे कोयनेत असंच आधी अंदाजलं गेलं. पुढे तिथल्या ३ किमीच्या विंधणछिद्रात बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक सव्वा किलोमीटरच्या आसपास लागला.

प्रत्यक्ष जागेवरची डोकेदुखी वेगळी. इलेक्ट्रोडच्या खड्ड्यात बेंटोनाइट या चिकणमातीचा खारट चिखल कालवायचा, केबलवर दर दोन पावलांवर दगड ठेवायचे. वाऱ्याने केबल हलली तरी आकडे बिघडतात, आणि जवळून विजेवरची रेल्वे जात असेल तर विचारूच नका.