दीड महिन्याचे डोस: सोसायटीच्या ग्रुपवर

प्राजक्ता (ए-४०३): नमस्कार सगळ्यांना 🙏 उद्या बाळाचे दीड महिन्याचे डोस आहेत. आरोग्य केंद्रात न्यावं की खासगीत? खासगीवाले म्हणतात, पेनलेस घ्या, ताप येत नाही. पण त्याचे काही हजार होतात. आणि कार्डावरची नावं बघून डोकंच फिरलंय. पेंटा, पीसीव्ही, एफआयपीव्ही, रोटा... कुणी सोपं करून सांगेल का?

निखिल (डी-५०४): आम्ही दोघांना पेनलेसच दिले. बेस्ट. इम्पोर्टेड असतात.

सेक्रेटरी (ए-१०१): उद्या ११ ते १ टाकी साफ होणार. पाणी भरून ठेवावे.

अप्पा (बी-२०१): आमच्या वेळी देवी टोचल्या की झालं. दंडावर अजून वण आहेत. आता एवढ्याशा जिवाला एका दिवसात तीन सुया? झेपतं का त्याला?

वैशाली (बी-३०६): सिस्टरकाकूंना विचारा ना. अख्खी नोकरी लसीकरणात गेली त्यांची.

सिस्टरकाकू (सी-१०२): आले गं. पोळ्या चालल्या होत्या.
प्राजक्ता, नावं पाठ करू नकोस. लस कशाची केलीय एवढं बघ, मग कार्ड आपोआप वाचता येतं. उद्या दोन गोष्टी तोंडाने, पोलिओचे थेंब आणि रोटा, म्हणजे जुलाबाच्या विषाणूवरची. या दोन्हींत विषाणू जिवंत असतात, पण दुबळे केलेले. जन्मल्यावर टोचलेली क्षयाची बीसीजीही जिवंतच, फक्त तिच्यात जंतू. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाही त्याच घरातली.

सिस्टरकाकू (सी-१०२): मग सुया. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडावर कातडीत अगदी वरवर एफआयपीव्ही, म्हणजे पोलिओचंच इंजेक्शन. ती बरोबर लागली की तिथे बारीकसा फुगवटा दिसतो, थोड्या वेळात बसतो. घाबरू नकोस आणि चोळू नकोस.

प्राजक्ता (ए-४०३): पोलिओचे थेंबही आणि इंजेक्शनही? एकच पुरे नाही का?

अप्पा (बी-२०१): आणि पोलिओ तर गेला ना देशातून?

सिस्टरकाकू (सी-१०२): गेला अप्पा. शेवटची केस १३ जानेवारी २०११, हावड्याची. २०१४ च्या मार्चमध्ये प्रमाणपत्र मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात अजून आहे, आणि विषाणूला व्हिसा लागत नाही.
प्राजक्ता, थेंबांनी आतड्यात पहारा बसतो. पण एप्रिल २०१६ पासून थेंबांत टाइप १ आणि ३ एवढेच आहेत, टाइप २ काढला. इंजेक्शनमध्ये मेलेला विषाणू असतो, तिन्ही टाइपचा. म्हणून दोन्ही.

निखिल (डी-५०४): आणि पेंटा? पाच लसी एकत्र म्हणजे ओव्हरलोड नाही का?

सिस्टरकाकू (सी-१०२): पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाची सूज आणणारा एक जंतू). पाचही एकाच तऱ्हेने केलेल्या नाहीत.
घटसर्प आणि धनुर्वातात जंतूपेक्षा त्याचं विष मारतं. म्हणून लसीत जंतू नाहीच, फक्त निर्विष केलेलं विष. अशा लसीचा जोर हळूहळू उतरतो, म्हणून दीड वर्षाला बूस्टर, पाच वर्षांला बूस्टर, मग १० आणि १६ वर्षांला टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची.
कावीळ ब मध्ये विषाणूच्या वरच्या आवरणातलं एक प्रथिन, तेही यीस्टमध्ये तयार केलेलं. विषाणू त्यात नाहीच, तर लसीने कावीळ होईल कुठून? जन्मल्यापासून २४ तासांत देतात ती हीच, कारण आईकडून बाळाला जाण्याचा धोका बाळंतपणातच जास्त.
हिबच्या जंतूवर साखरेचं कवच असतं. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला दाद देत नाही. म्हणून ती साखर एका प्रथिनाला जोडतात, मग शरीर दखल घेतं. पीसीव्हीही तशीच केलेली. ती न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाची सूज यांसाठी.

सिस्टरकाकू (सी-१०२): राहिला डांग्या खोकला. पेनलेसची सगळी भानगड इथेच आहे. सरकारी पेंटात त्याचा अख्खा मेलेला जंतू असतो. शरीर त्याच्यावर तुटून पडतं, म्हणून ताप, मांडी सुजणं, चिडचिड. पेनलेसमध्ये त्याच जंतूचे निवडक शुद्ध केलेले भाग. ताप कमी. सुई मात्र तितकीच टोचते हो 😄

निखिल (डी-५०४): म्हणजे आम्ही उगाच पैसे घातले?

सिस्टरकाकू (सी-१०२): असं कुठे म्हटलं मी? ताप कमी येतो हे खरंच आहे, ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावी. सहा-इन-वन घेतली तर पोलिओचं इंजेक्शनही त्यातच, एक सुई वाचते. पण 'भारी' म्हणून घेत असाल तर नाही. डांग्या खोकल्याचं संरक्षण तिच्यात लवकर ओसरतं, तेव्हा बूस्टर चुकवायचा नाही. आणि इम्पोर्टेडचं कौतुक नको. आपल्या पुण्यात हडपसरला सीरमचा कारखाना आहे, तिथून जगभरच्या पोरांना लस जाते.

सिस्टरकाकू (सी-१०२): अप्पा, झेपण्याचं म्हणाल तर बाळ दिवसभर बोटं चोखतं, जमिनीवरचं तोंडात घालतं. त्यात रोज जेवढे जंतू जातात त्यापुढे या लसी काहीच नाहीत. आणि देवी आता टोचत नाहीत, रोगच संपला. तरुण पोरांच्या डाव्या दंडावर जो वण दिसतो तो बीसीजीचा.

प्राजक्ता (ए-४०३): हो काकू, बाळालाही तिथे फोड आलाय, पिकल्यासारखा. सासूबाई हळद लावू म्हणतात.

सिस्टरकाकू (सी-१०२): काही लावायचं नाही. हळद नाही, पावडर नाही, पट्टी नाही. तो येतोच, फुटतो, आपोआप सुकतो. सासूबाईंना माझं नाव सांग.

वैशाली (बी-३०६): काकू, आमच्या छोट्याचा साडेतीन महिन्यांचा डोस राहिला, गावी होतो. आता सातवा लागलाय. परत पहिल्यापासून?

सिस्टरकाकू (सी-१०२): छे. जिथे थांबलं तिथून पुढे. आधीचे दोन्ही डोस धरले जातात. पण आता या आठवड्यातच ने. नाकात सर्दी आहे म्हणून पुढे ढकलू नकोस, साध्या सर्दी-खोकल्यात देतात.

वैशाली (बी-३०६): आणि गोवर आधी घेतली तर? २०२२ ला गोवंडीत साथ आली तेव्हा केवढी घाबरले होते मी.

सिस्टरकाकू (सी-१०२): आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात काही महिने असते. तीच लसीतल्या जिवंत विषाणूला मारून टाकते, मग लस रुजत नाही. म्हणून नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तरीही पहिल्या डोसला शंभरातल्या साधारण ८५ मुलांतच रुजते, म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा. साथीच्या वेळी सरकारने काही भागांत सहा महिन्यांपासून जादा डोस दिला होता, पण तो जादाच, ठरलेले दोन घ्यावेच लागतात.
सरकारी लसीत गालगुंड नसतो हं, खासगी एमएमआरमध्ये असतो.

प्राजक्ता (ए-४०३): मग उद्या केंद्रातच नेते. तिथे काय बघू?

सिस्टरकाकू (सी-१०२): बाटलीच्या लेबलवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका हवा. गोलाच्या रंगाचा किंवा गडद झाला म्हणजे लसीला उष्णता लागली, ती वापरत नाहीत. बिनधास्त दाखवा म्हण, चांगली सिस्टर रागावत नाही.
डोस झाल्यावर अर्धा तास तिथेच बस. अंगावर पाजलंस तरी चालतं, थेंबांनंतरही लगेच.
रात्री ताप येईल, एक-दोन दिवस. पॅरासिटामॉल वजनावर लिहून देतील तेवढंच. तीन तासांहून जास्त अखंड रडलं, झटका आला किंवा निपचित पडलं तर वाट बघत बसायचं नाही, दवाखान्यात.
आणि पुढे कधी खासगीत गेलीस तरी कार्ड एकच ठेव. दोन कार्डं झाली की काय दिलं नि काय राहिलं, कुणालाच कळत नाही. त्याचा फोटोही काढून ठेव.

अप्पा (बी-२०१): सिस्टर, हे सगळं एका कागदावर लिहून लिफ्टशेजारी लावा.

सेक्रेटरी (ए-१०१): नोटीस बोर्डावर जागा नाही. मेंटेनन्स थकबाकीची यादी आहे.

निखिल (डी-५०४): काकू, ते पाच वर्षांच्या बूस्टरचं... मोठीचा बहुतेक राहिलाय. शाळा सुरू झाली आणि डोक्यातूनच गेलं.

सिस्टरकाकू (सी-१०२): हाच सगळ्यांचा राहतो. किती वर्षांची झाली?

निखिल (डी-५०४): पुढच्या महिन्यात सात.

सिस्टरकाकू (सी-१०२): मग सात व्हायच्या आत घ्यायला हवा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) त्यापुढे देत नाहीत, टीडी देतात. आत्ता कार्ड शोध आणि फोटो मला वेगळा पाठव. प्राजक्ता, मी साडेनऊला खाली येते, एकत्रच जाऊ.

निखिल (डी-५०४): मीही येतो. गाडी काढतो, तुम्ही मागे बसा.