'कोमार्बा'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : आयर्लंडमधील प्राचीन मठांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'कोमार्बा' या शब्दापाशी अडले आहे. मठप्रमुखासाठी जुन्या आयरिशमध्ये लॅटिनवरून आलेला 'अब' हा शब्द होताच. तरीही आर्माच्या मठप्रमुखाला 'पॅट्रिकचा कोमार्बा', म्हणजे संत पॅट्रिकच्या वारशाचा धनी, असे म्हटलेले आढळते. 'मठाधिपती' आणि 'महंत' या दोन्हींत हे नाते उतरत नाही.

प्रतिसाद : 'गादीचा वारस' लिहावे. मठाच्या संदर्भात 'गादी' आपल्याकडे रुळलेली आहे आणि तिच्यात मूळ पुरुषाशी असलेला संबंध आपोआप येतो. संत कोलुम किल्याने ५६३ मध्ये स्कॉटलंडच्या आयोना बेटावर स्थापलेल्या मठात तर पुढचे बहुतेक प्रमुख त्याच्याच कुळातले होते; नववा प्रमुख अडॉम्नान हाही त्यांपैकीच.

प्रतिसाद : 'कोमार्बा'त 'ओर्बे', म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ता, हा शब्द आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत 'अर्भ'शी, पर्यायाने आपल्या 'अर्भका'शी जोडतात. 'अनाथ' या अर्थाचा लॅटिन 'ऑर्बुस' त्याच घराण्यातला. इतके जवळचे नाते असताना अरबी 'वारस' कशाला? 'दायाद' हा आपला शब्द आहे.

प्रतिसाद : व्युत्पत्तीवरून अनुवाद ठरत नाही. 'वारस' सातबाऱ्यापासून कोर्टापर्यंत चालतो, 'दायाद' मात्र आजच्या वाचकाला कोशात शोधावा लागेल. वाचकाचा विचार 'किल्या' लिहिताना झालेला दिसतो, कारण 'किल्ले' लिहिले असते तर तो थेट गडांवर पोहोचला असता. 'किल्या' हा शब्द 'खोली' या अर्थाच्या लॅटिन 'सेल्ला'वरून आला आणि पुढे त्याचा अर्थ 'चर्च' झाला. 'कोलुम' म्हणजे कबूतर, म्हणून संपूर्ण नाव 'चर्चचे कबूतर'.

प्रतिसाद : संताच्या नावात 'कबूतर' खटकते, 'कपोत' शोभेल. अडॉम्नानने लिहिलेल्या कोलुम किल्याच्या चरित्राच्या प्रस्तावनेत हेच नाव हिब्रूत 'योना', ग्रीकमध्ये 'पेरिस्तेरा' आणि लॅटिनमध्ये 'कोलुंबा' असल्याचे आवर्जून सांगितले आहे. ज्या नावाच्या अर्थाची एवढी कदर झाली, ते मराठीत भारदस्तच हवे.

प्रतिसाद : आत्मा 'कबुतरासारखा' उतरल्याचे मराठी बायबलचे वाचक पिढ्यान्‌पिढ्या वाचत आले आहेत, त्यांना तो शब्द हलका वाटत नाही, मग आपल्यालाच का वाटावा? खरी अडचण 'माएल'ने सुरू होणाऱ्या नावांची आहे. टॅलाटचा मठप्रमुख माएल रुआन ७९२ मध्ये वारला. 'माएल' म्हणजे मुंडन केलेला, आणि त्यावरून भक्त. 'माएल इसू' म्हणजे येशूचा भक्त. सगळे अशा नावांचा अर्थ 'दास' देऊन मोकळे होतात.

प्रतिसाद : 'येशूदास' ऐकताच कळते, तेव्हा 'दास' देण्यात काय चुकले?

प्रतिसाद : मुंडन नाहीसे होते, हे चुकले. डोके कसे भादरावे यावर त्या मठांत मोठे वाद झाले आणि आयोनाने रोमन पद्धत ७१८ मध्ये स्वीकारली. ज्या खुणेसाठी माणसे इतकी भांडली, ती अर्थातून गाळण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. 'मुंडित' कानाला रुक्ष लागत असेल, तरी तोच ठेवावा.