मार्टिन बाल्समचं काम कुठून बघायला सुरुवात करू?

विंगेतला_दादर:
मंडळी, आमच्या ग्रुपने '१२ अँग्री मेन'चं (खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा ज्युरींची गोष्ट) मराठी रूपांतर बसवायला घेतलंय, तालमी माटुंग्याला चालू आहेत आणि माझ्या वाट्याला आलाय ज्युरी नंबर १, म्हणजे फोरमन. सगळे म्हणतात सोपं काम आहे, मतं मोजायची नि भांडणं सोडवायची. पण १९५७चा पिक्चर परत बघितला आणि त्यात फोरमन झालेल्या मार्टिन बाल्समवरून नजर हटेना. एवढा ताकदीचा नट मोठ्या रोलमध्ये का दिसला नाही? त्याचं अजून काय बघू?

पार्लेकर:
'सायको' बघ आधी. त्यातला डिटेक्टिव्ह आर्बोगास्ट. लोक जिन्यावरचा सीन सांगतात (जिना वेगळा शूट करून मागच्या पडद्यावर दाखवला आणि पुढे बाल्समला बसवून हात हलवायला लावले) पण तू मोटेलच्या काउंटरवरचा सीन बघ. मोटेलवाला झालेल्या अँथनी पर्किन्सला तो एकेक प्रश्न अगदी सहज विचारतो, आवाज कुठे चढवत नाही, रजिस्टर मागतो, उत्तर आलं की जरा थांबतो आणि त्या थांबण्यातच पर्किन्स अडखळायला लागतो. सीन पर्किन्सचा वाटतो, पण लगाम बाल्समच्या हातात आहे. आपल्याकडे इफ्तेखार वर्दीत नुसता समोर उभा राहिला तरी सीनला वजन यायचं ना, तसं.

सुमेधा_गिरगाव:
मोठा रोल का नाही हा प्रश्नच मला पटत नाही. ब्रॉन्क्सचा माणूस, जन्म १९१९चा, न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओत (नटांची नावाजलेली कार्यशाळा) तयार झालेला, 'ऑन द वॉटरफ्रंट'मध्ये छोटंसं काम, आणि १९६५च्या 'अ थाउजंड क्लाउन्स'साठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर! त्यात तो जेसन रोबार्ड्सचा भाऊ आहे, नोकरी करणारा, जगाशी जुळवून घेतलेला, आणि आपण असेच आहोत हे तो भावाला न लाजता सांगतो. ते भाषण बघाच. १९६८ला रंगभूमीसाठी टोनी अवॉर्डही मिळालं. शिवाय '२००१: अ स्पेस ओडिसी' या पिक्चरमधल्या बोलणाऱ्या हाल कॉम्प्युटरचा आवाज आधी त्याचा रेकॉर्ड केला होता, पण डायरेक्टर कुब्रिकला तो फार अमेरिकन वाटला म्हणून डग्लस रेनला घेतलं. 'लिटल बिग मॅन'मध्ये तर प्रत्येक वेळी भेटतो तेव्हा शरीराचा अजून एखादा भाग गेलेला असतो आणि तरी गडी उत्साहात! पुढे इटलीतही भरपूर पिक्चर केले, गेला तो रोममध्येच, १९९६ला. एवढं काम करणाऱ्या नटाला हीरो नाही झाला म्हणून कमी का मोजायचं?

जुना_प्रॉम्प्टर:
रोलबद्दल सांगतो. फोरमन हा शाळेतला फुटबॉलचा असिस्टंट कोच आहे हे डोक्यात ठेव, पोरांना रांगेत उभं करायची सवय असलेला माणूस आणि इथे मोठी माणसं ऐकत नाहीयेत. दहा नंबरवाला त्याला पोरकटपणा नको म्हणतो तेव्हा तो सरळ स्वतःची खुर्ची देऊ करतो, तूच घे जबाबदारी म्हणून. तिथे ओरडू नकोस. बाल्सम दुखावतो, आणि ते नंतरही थोडा वेळ त्याच्या चेहऱ्यावर राहतं, दुसरे बोलत असताना. स्टेजवर तुझं वाक्य संपल्यावरचं तेच काम जास्त आहे.

विंगेतला_दादर:
सुमेधाताई, मान्य. काका, खुर्चीचा सीन आम्ही नुसता रागाचा करत होतो, आज डायरेक्टरशी बोलतो. 'अ थाउजंड क्लाउन्स' चांगल्या प्रिंटमध्ये कुठे बघायला मिळेल, कोणाला माहितीये का?