मदत हवी आहे: कार्बोरेटर साफ केला आणि गाडी थरथरायला लागली

मंडळी, बाबांची १९९७ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. रविवारी पार्किंगमध्येच कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उतरवून साफ केला, तिन्ही स्पार्क प्लग नवे टाकले. तेव्हापासून आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) अशी थरथरते की डॅशबोर्डवरचा गणपतीही डोलतो. सिग्नलला बंद पडते, रेस दिली की ठीक. प्लगच्या वायरी १-३-२ या सिलिंडरच्या फायरिंगच्या क्रमाने तपासल्या, बरोबर आहेत. गंमत म्हणजे चोक (कार्बोरेटरमध्ये जाणारी हवा कमी करणारी झडप) अर्धा ओढला की इंजिन एकदम शांत चालतं. म्हणजे कुठूनतरी जादा हवा खेचतंय ना? कार्बोरेटरखालचं गॅस्केट (सांध्यातून हवा शिरू न देणारी पातळ चकती) जुनंच बसवलंय (कंजूषपणा, कबूल), कोपऱ्याला बारीक चीर होती. आधी तेच बदलू की व्हॅक्यूमचे पाइप बघू? मिक्स्चरच्या (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या) स्क्रूला अजून हात लावलेला नाही. मेकॅनिककडे नेली तर बाबांचं ‘सांगत होतो ना’ सुरू होईल.