खालच्या जबड्यातील शेवटच्या दोन दाढांचे रोपण : सर्जिकल गाईड खरोखर आवश्यक आहे का?

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझ्या आईचे वय ६७ वर्षे असून तिला मधुमेह आहे, परंतु गोळ्यांवर तो आटोक्यात आहे. तिच्या खालच्या जबड्यातील उजव्या बाजूच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढा काही वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. अक्कलदाढ तर त्याआधीच गेली होती. काढघाल करण्याची कवळी तिला सोसवत नाही, आणि मागे आधाराला दातच नसल्यामुळे ब्रिज बसवता येत नाही. त्यामुळे आता इम्प्लांटचा (हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाचा) विचार सुरू आहे.

सांगलीतील आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांनी ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) पाहून हाड पुरेसे असल्याचे सांगितले. हिरडी उघडून, हाड डोळ्यांनी पाहून, नेहमीच्या पद्धतीने दोन्ही इम्प्लांट बसवू असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे मत घ्यावे म्हणून पुण्यातील एका दवाखान्यात गेलो, तेव्हा तेथे ‘संपूर्ण डिजिटल’ पद्धत सुचवण्यात आली. तीत सीबीसीटी (जबड्याचे त्रिमितीय एक्स-रे चित्रण) काढणे, तोंडाचे स्कॅनिंग करणे, संगणकावर इम्प्लांटची जागा ठरवणे, थ्रीडी प्रिंटरवर गाईड (दातांवर बसणारा, छिद्रे असलेला साचा) तयार करणे आणि त्या गाईडच्या छिद्रांतूनच, हिरडी न कापता, ड्रिल चालवणे असे टप्पे आहेत. या पद्धतीचा खर्च बराच अधिक आहे. ‘नसेला धक्का लागण्याचा प्रश्नच येत नाही’ असे तेथील समन्वयक बाईंनी ठामपणे सांगितले. डॉक्टरांनी मात्र तसे शब्द वापरले नाहीत, हे नमूद केले पाहिजे.

जादा पैसे देण्याची आमची तयारी आहे, पण ते कशासाठी द्यायचे हे समजून घ्यायचे आहे. या गाईडमुळे अशा रुग्णाच्या बाबतीत नेमका काय फरक पडतो?

मुखशल्य_नाशिक :

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करायला हव्यात. सीबीसीटी काढणे ही एक बाब आणि गाईड वापरणे ही दुसरी. माझ्या मते आपल्या आईंच्या बाबतीत पहिली आवश्यक आहे आणि दुसरी ऐच्छिक. सांगलीतील डॉक्टरांकडेच काम करायचे ठरले, तरी सीबीसीटीचा आग्रह जरूर धरावा.

याचे कारण असे की ओपीजी हे सपाट चित्र आहे. त्यात हाडाची उंची दिसते, आणि तीही साधारण २० ते ३० टक्के मोठी होऊन, शिवाय सगळीकडे सारख्या प्रमाणात नव्हे. हाडाची रुंदी त्यात दिसतच नाही. खालच्या जबड्यात दुसऱ्या दाढेच्या जागी हाडाच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या, बाजूला अनेकांना चांगली खोलगट जागा असते. ओपीजीवर तेथे नसेपर्यंत भरपूर हाड आहे असे वाटते. प्रत्यक्षात ड्रिल सरळ खाली नेले तर ते आतल्या बाजूने हाडाबाहेर पडू शकते. जबड्याचा आडवा छेद पाहिल्याशिवाय ही खोलगट जागा कळत नाही. हिरडी उघडली तरी ती खाली आणि आत असल्यामुळे सहजासहजी दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे.

आता नसेविषयी. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस या दाढांच्या खालून हाडातील नळीतून जाते. इम्प्लांटचे टोक आणि ही नळी यांच्यात किमान २ मि.मी. अंतर राखावे, असा सर्वमान्य संकेत आहे. त्यात आणखी एक खुबी आहे, जी रुग्णांना कोणी सांगत नाही. अनेक कंपन्यांच्या ड्रिलवर ‘१० मि.मी.’ अशी खूण असली तरी ड्रिलचे अणकुचीदार टोक त्यात मोजलेले नसते, आणि ते जवळपास १ मि.मी. पुढे जाऊ शकते. हे गणित डॉक्टरांच्या हिशेबात असावे लागते, मग पद्धत कोणतीही असो.

गाईडचा खरा उपयोग हा की संगणकावर ठरवलेली जागा, कोन आणि खोली तोंडात उतरवता येते. परंतु ती तंतोतंत उतरत नाही. अशा गाईडच्या अचूकतेवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, ठरवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांच्यातील सरासरी तफावत हाडाच्या तोंडाशी १.२ मि.मी., इम्प्लांटच्या टोकाशी १.४ मि.मी. आणि कोनात ३.५ अंश आढळली. ही सरासरी आहे, म्हणजे काही रुग्णांत ती याहून जास्त होती. मोकळ्या हाताने होणारी तफावत सर्वसाधारणपणे याहून अधिक असते, म्हणून गाईड निरुपयोगी आहे असे मी अजिबात म्हणणार नाही. पण ‘धक्का लागण्याचा प्रश्नच येत नाही’ हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही. गाईड वापरतानाही २ मि.मी.चे अंतर सोडायचे असते, ते याचसाठी.

हिरडी न कापण्याबद्दल थोडे सावध राहावे. सूज आणि दुखणे कमी होते, टाके लागत नाहीत, हे खरे आहे. मात्र हिरडीचा गोल तुकडा काढून टाकताना इम्प्लांटभोवती हवी असलेली घट्ट हिरडीही थोडी जाते. आईंची तेथील घट्ट हिरडी मुळातच अरुंद असेल, तर गाईड वापरूनही हिरडी थोडी उघडणेच शहाणपणाचे ठरते. शिवाय गाईड घट्ट बसलेले असले की थंड सलाईनचे पाणी ड्रिलच्या टोकापर्यंत नीट पोहोचत नाही. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापले तरी त्याला इजा होऊ शकते, हे १९८३ मध्ये स्वीडनमधील प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून गाईडमधून काम करताना ड्रिल वरखाली करत, थांबत थांबत पुढे जावे लागते.

आराखडेवाला :

मी कोल्हापुरात डेंटल लॅबमध्ये गाईडचे डिझाइन करतो. वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मान्य आहेत. पण या विशिष्ट रुग्णाच्या बाबतीत माझ्या कामाच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे, तो म्हणजे मागे दात नसणे.

गाईड कशावर टेकते यावर त्याची अचूकता अवलंबून असते. मधला एखादा दात गेला असेल आणि पुढेमागे दात असतील, तर गाईड दोन्ही बाजूंना दातांवर पक्के बसते. आपल्या आईंच्या जबड्यात उजवीकडे गाईड फक्त पुढच्या दातांवर टेकेल, आणि ज्या भागातून ड्रिल जायचे आहे तो मागचा भाग हिरडीवर अधांतरी राहील. छापलेले गाईड मी जबड्याच्या मॉडेलवर बसवतो आणि मागच्या टोकावर अंगठ्याने दाबून पाहतो. अशा केसमध्ये ते टोक बहुतेक वेळा किंचित खाली जातेच, आणि पुढच्या दातावर ठेवलेल्या तपासणीच्या खिडकीत केसाएवढी फट उघडते. मॉडेल कडक असते. तोंडात तर खाली मऊ हिरडी असते आणि वरून ड्रिलचा दाब येतो. मागचे टोक दबले की इम्प्लांट ठरल्यापेक्षा खोल आणि तिरपे जाते. खाली नस आहे, हे विसरून चालत नाही.

यावर उपाय आहेत. गाईड समोरच्या बाजूच्या दातांपर्यंत, म्हणजे डावीकडच्या दाढांपर्यंत, वळवून नेता येते; त्याची जाडी वाढवता येते; मागच्या भागाला बाजूने बारीक पिन घालून ते हाडाशी स्थिर करता येते. पुण्यातील डॉक्टरांना एवढेच विचारा की मागच्या बाजूला गाईड कशाने स्थिर होणार आहे. या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तर त्यांनी ही केस खरोखर पाहिली आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरे असे की सीबीसीटीतून हाड कळते आणि तोंडाच्या स्कॅनमधून दातांचा व हिरडीचा पृष्ठभाग कळतो. या दोन फाइल संगणकात एकमेकींवर बसवाव्या लागतात, आणि त्या दातांच्या आकारावरून बसवल्या जातात. तेथे अर्धा मिलिमीटर चुकला, तर पुढचे सगळे काम कितीही नेटके झाले तरी तो अर्धा मिलिमीटर शेवटपर्यंत सोबत येतो. पडद्यावरचे चित्र मात्र तितकेच देखणे दिसते. आईंना जुन्या धातूच्या कॅप आहेत का?

कृष्णाकाठ :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईच्या उजवीकडच्या दोन्ही उपदाढांवर आणि डावीकडच्या एका दाढेवर धातूवर पोर्सेलिन चढवलेल्या कॅप आहेत. पुण्याच्या दवाखान्यात विचारल्यावर असे कळले की नियोजन बाहेरची एक कंपनी करून देते आणि गाईडही तिकडूनच येते. पिनचा विषय त्यांनी ‘कंपनीला विचारून सांगतो’ म्हणून ठेवला आहे. आणखी एक अडचण म्हणजे आईचे तोंड फारसे उघडत नाही. दाढा काढतानाही डॉक्टरांना त्रास झाला होता. अमेरिकेतील भाऊ म्हणतो की तिकडे रोबोटने इम्प्लांट बसवतात, तर गाईडच्या भानगडीत कशाला पडायचे. त्यात कितपत तथ्य आहे?

क्षकिरण :

धातूच्या कॅपमुळे सीबीसीटीत दातांभोवती पांढरे-काळे पट्टे उमटतात, आणि आराखडेवाला यांनी सांगितलेली फाइल जुळवणी नेमकी त्याच दातांवर करायची असते. त्यासाठी छायाचित्रण फक्त उजव्या बाजूपुरते न ठेवता धातू नसलेले पुढचे व डावीकडचे दातही येतील एवढे क्षेत्र घ्यावे, वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये कापसाची गुंडाळी ठेवावी, आणि जीभ व गाल दातांपासून दूर राहतील असे पाहावे. या साध्या सूचना चिठ्ठीवर लिहून द्याव्या लागतात. नाहीतर केंद्रावरील तंत्रज्ञ नेहमीच्या सवयीने दात घट्ट मिटायला सांगतो. एका ठिकाणी काढलेले सीबीसीटी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा काढावे लागू नये म्हणून छापील फिल्मवर समाधान न मानता मूळ डायकॉम (संगणकीय) फाइल मागून घ्या, म्हणजे सांगली आणि पुणे दोन्हीकडे तीच वापरता येईल.

किरणांच्या मात्रेची भीती वाटत असल्यास एवढे सांगतो की ती ओपीजीपेक्षा जास्त असते, पण निसर्गतः आपल्याला वर्षभरात मिळणाऱ्या मात्रेच्या, म्हणजे जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्टच्या, तुलनेत सामान्यतः लहानच असते. केंद्राकडील यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे रीतसर नोंद असावी, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

नसेच्या नळीविषयी एक सूचना. वयस्कर स्त्रियांमध्ये हाड विरळ झालेले असेल, तर नळीच्या भिंती सीबीसीटीतही काही ठिकाणी स्पष्ट दिसत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारी ती लाल किंवा पिवळी ठसठशीत रेषा कोणीतरी बिंदू देऊन काढलेली असते. ती छायाचित्रात मुळातून नसते. ती कोणी काढली आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः छेद पाहून तपासली का, हे माझ्या दृष्टीने गाईडच्या कंपनीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

मुखशल्य_नाशिक :

तोंड कमी उघडते हे आपण आता सांगितलेत, आणि त्याने माझे मत बरेच बदलते. गाईडची जाडी आणि त्यातील स्लीव्हची (ड्रिल ज्यातून जाते त्या नळीची) उंची यांतून जायचे असल्यामुळे गाईडचे ड्रिल साध्या ड्रिलपेक्षा बरेच लांब असतात. त्यावर हँडपीसचे (ड्रिल फिरवणाऱ्या उपकरणाचे) डोके. एवढे सगळे दुसऱ्या दाढेच्या जागी, वरच्या दातांच्या खाली, सरळ उभे मावायला हवे. मावले नाही की डॉक्टर नकळत ड्रिल पुढे झुकवतात, किंवा ऐनवेळी गाईड काढून ठेवतात आणि मोकळ्या हाताने काम पुरे करतात. पैसे मात्र गाईडचे भरलेले असतात. आईंच्या तोंडात समोरून तीन बोटे उभी जात नसतील, तर दुसऱ्या दाढेसाठी पूर्ण गाईडचा आग्रह मी धरणार नाही. सुपारी किंवा मिश्रीची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण मग तोंड कमी उघडण्याचे कारण आधी तपासावे लागते.

मधला मार्ग असा की गाईडमधून फक्त पहिले, बारीक ड्रिल घ्यायचे. जागा आणि दिशा त्यातून ठरते. मग गाईड काढून, त्या छिद्रात दिशादर्शक पिन ठेवून एक छोटा एक्स-रे घ्यायचा आणि पुढचे रुंदीकरण हिरडी थोडी उघडून, पाणी मोकळेपणाने सोडत, डोळ्यांदेखत करायचे. हे सांगलीतही होऊ शकते. पहिल्या दाढेचा इम्प्लांट बसवून दुसऱ्या दाढेचा सोडून द्यायचा, हाही पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. चावण्याचे बरेचसे काम पहिल्या दाढेवर भागते, आणि दुसऱ्या दाढेच्या जागी जोखीम सर्वाधिक आहे.

रोबोटबद्दल आपल्या भावाचे म्हणणे खोटे नाही. दंतरोपणासाठीच्या ‘योमी’ या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. परंतु तीत यंत्र आपणहून इम्प्लांट बसवत नाही. हँडपीस डॉक्टरांच्याच हातात असतो आणि यंत्राचा हात ठरलेल्या मार्गाबाहेर जाऊ देत नाही. कॅमेऱ्याने ड्रिलची जागा पडद्यावर दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा हा त्याच्या जवळचा प्रकार. त्यात गाईड नसल्यामुळे लांब ड्रिल लागत नाहीत आणि पाणीही अडत नाही, म्हणून कमी उघडणाऱ्या तोंडात ती सोयीची ठरते. पण तिलाही जुळवणी दातांवरूनच करावी लागते, आणि डॉक्टरांना पडद्याकडे पाहत हात चालवण्याचा सराव असावा लागतो. एका रुग्णासाठी ती शोधत हिंडण्याची गरज मला वाटत नाही.

शेवटी मधुमेहाविषयी. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनी ओळखले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर वापरले. तेव्हापासून नियोजनाची साधने पार बदलली, पण हाड भरायला वेळ द्यावाच लागतो. खालच्या जबड्यात कॅप बसवण्यापूर्वी साधारण तीन महिने थांबण्याची तयारी ठेवा, आणि आईंची साखर आटोक्यात आहे हे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी तपासणीवरून ठरवा, सकाळच्या एका उपाशीपोटीच्या आकड्यावरून नको. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांना काही इंजेक्शने किंवा आठवड्याची गोळी चालू असेल, तर कोणत्याही डॉक्टरांनी ड्रिल हातात घेण्यापूर्वी ते त्यांना कळायलाच हवे.

कृष्णाकाठ :

आठवड्याची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे, आणि ती दोन्हीकडे कोणी विचारलीच नव्हती. उद्याच सांगलीच्या डॉक्टरांना आणि ज्यांनी ती दिली त्या अस्थिरोगतज्ज्ञांना कळवतो. सीबीसीटीची चिठ्ठी क्षकिरण यांच्या सूचनांप्रमाणे लिहून घेईन. डायकॉम फाइल हातात आल्यावर दुसऱ्या दाढेचा निर्णय होईल. तोवर पुण्याची आगाऊ रक्कम भरत नाही.