मदत हवी आहे: प्लेटलेटच्या पिशवीत जंतू आहेत का, हे तपासतात का?

नमस्कार. आम्ही तासगावचे. अण्णांना (वय ६४) अस्थिमज्जेचा आजार आहे, मिरजेला उपचार चालू आहेत. प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्या की चढवाव्या लागतात, म्हणजे जवळपास दर आठवड्याला.

गेल्या मंगळवारी पिशवी निम्मी गेली असेल, तोच अण्णांना हुडहुडी भरली. दात वाजत होते, अंगाखालची कॉट हलत होती. सिस्टरांनी लगेच पिशवी बंद करून नुसतं सलाईन चालू ठेवलं. ताप १०३ वर गेला, बीपी उतरलं. रात्रभर अँटिबायोटिक चाललं, पहाटे उतार पडला. आता बरे आहेत, पण शुक्रवारी पुन्हा प्लेटलेट द्यायच्या आहेत आणि ते "मला नको" म्हणून बसलेत.

रक्तपेढीत विचारलं तर म्हणाले, सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आहेत. कागद वाचला: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया. यात जंतूंची टेस्ट कुठाय? उरलेली पिशवी कल्चरला (जंतू वाढतात का, या तपासणीला) द्या म्हटलं, तर ती कचऱ्यात गेली होती. याचं फार वाईट वाटतंय. कारण आता कळायचंच नाही.

अजून एक. पहिल्यांदा पिशवी आणायला गेलो तेव्हा मी बर्फाचा डबा नेला होता. तिथल्या मुलाने बर्फ काढायला लावला, प्लेटलेटला थंडी चालत नाही म्हणाला. तेच मनात घोळतंय. शुक्रवारी काय विचारू, काय बघू?

उत्तर: साताऱ्यात रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. तुमची शंका योग्य आहे. लाल पेशी फ्रिजमध्ये राहतात, प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांवर, यंत्रावर सतत हलत्या ठेवतात. त्या उबेत एखादा जंतू शिरला तर दोन-तीन दिवसांत बेसुमार वाढतो. म्हणूनच त्यांची मुदत फक्त ५ दिवसांची. आपल्याकडे प्रत्येक पिशवीचं कल्चर सक्तीचं नाही, नमुन्यादाखल थोड्या पिशव्यांचं होतं. ब्रिटनमध्ये २०११ पासून प्लेटलेटची प्रत्येक पिशवी तपासतात.

जंतू बहुतेक वेळा दात्याच्या कातडीतूनच येतो. सुई टोचताना कातडीचा बारीक तुकडा आत जातो, स्पिरिट तिथवर पोचत नाही. म्हणून पहिलं साधारण ३० मिली रक्त वेगळ्या छोट्या पाऊचमध्ये घेणाऱ्या पिशव्या मिळतात. तुमची रक्तपेढी त्या वापरते का, हे विचारा. शक्य असेल तर एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट मागा. चार-सहा जणांच्या आरडीपीऐवजी (साध्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट) एकाच दात्याचा संबंध येतो. कितव्या दिवसाची पिशवी आहे तेही बघा, ताजी बरी.

पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हळूच हलवा. चांगल्या प्लेटलेट धुरासारख्या लहरत चमकतात. गुठळ्या दिसल्या, रंग बदललेला वाटला, तर चढवू देऊ नका.

थंडीताप दरवेळी जंतूंमुळेच येतो असं नाही, पिशवीतल्या दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे तो कितीतरी जास्त वेळा येतो. पण बीपी उतरलं म्हणजे जंतूंचा संशय घ्यायलाच हवा. पुन्हा असं झालं तर पिशवी नळीसकट रक्तपेढीत परत द्या, तिचं आणि अण्णांच्या रक्ताचं, दोन्हींचं कल्चर मागा. रिअ‍ॅक्शनची नोंद देशाच्या हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमात होते, तो २०१२ पासून चालू आहे. डॉक्टरांना तसं सांगा.

अण्णांची समजूत काढा. प्लेटलेट टाळल्या आणि मेंदूत रक्तस्राव झाला, तर ते फार वाईट.

धागाकर्ता: खूप आभार. पिशवी लायटीसमोर धरायची, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. एसडीपीसाठी चुलतभाऊ तयार आहे, गट जुळतो. पण त्याने परवाच दाढ काढली. चालेल?

उत्तर: नाही. दाढ काढल्यावर तोंडातले जंतू काही काळ रक्तात येतात. जुलाब किंवा ताप होऊन गेला असेल तरी तेच. दुसरा दाता आजच बघा, शुक्रवारची वाट बघू नका.