एम.लिब.चा लघुप्रबंध आणि कोलन वर्गीकरण : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात नऊ वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते. मराठी विषय घेऊन बी.ए. झाले, मग ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा दिली, तीन वर्षांपूर्वी दूरशिक्षणाने बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी पूर्ण केली आणि यंदा त्याच मार्गाने एम.लिब.ला, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला आहे. संपर्कसत्रे रविवारी असतात, अभ्यासकेंद्र साठ किलोमीटरवर आहे आणि चाळीस जणांच्या वर्गात प्रत्येकाची शंका ऐकून घेण्याइतका वेळ कोणालाच मिळत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिली अडचण वर्गीकरणाची. आमच्याकडे सुमारे १४,००० ग्रंथ आहेत. मी रुजू झाले तेव्हा ते दाखल क्रमांकाने लावलेले होते, म्हणजे १९६१ साली आलेले पुस्तक पहिल्या कपाटात आणि काल आलेले शेवटच्या कपाटात. दोन उन्हाळे खर्चून मी ते ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे विषयानुसार क्रमांक देऊन, लावले. त्यात पाच हजारांवर मराठी कादंबऱ्या ८९१.४६३ या एकाच क्रमांकाखाली आल्या. कटरची लेखकचिन्हांची सारणी रोमन लिपीसाठी असल्यामुळे ग्रंथाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर आडनावाची पहिली दोन अक्षरे लिहिली. तरी कुलकर्णी, देशपांडे आणि जोशी यांनी मिळून तीन कपाटे अडवलीच. हे सांगण्याचे कारण एवढेच की, ड्यूई मला हाताने केलेल्या कामामुळे कळते. कोलन वर्गीकरण, म्हणजे विषयाचे घटक जोडचिन्हांनी जुळवून ग्रंथाचा वर्गांक (विषयक्रमांक) बनवण्याची भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची पद्धत, मात्र कागदावरच राहिले आहे. व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काळ ही पाच मूलभूत तत्त्वे तोंडपाठ आहेत, त्यांची जोडचिन्हेही पाठ आहेत, पण शीर्षक समोर आले की त्यातील कोणता शब्द व्यक्तित्व आणि कोणता पदार्थ, येथेच गोंधळ होतो. मागच्या स्वाध्यायात आठपैकी पाच वर्गांक चुकले.

दुसरा प्रश्न लघुप्रबंधाचा असून माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मार्गदर्शकांनी सुचवलेला विषय 'अमुक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ई-संसाधनांचा वापर' असा आहे. तयार प्रश्नावली मिळते, शंभर विद्यार्थ्यांकडून भरून घेता येते आणि टक्केवारीचे तक्ते लावले की काम होते, असे त्यांचे म्हणणे. ते माझ्या सोयीसाठीच सांगत आहेत, याबद्दल शंका नाही. परंतु ज्या महाविद्यालयाशी माझा संबंध नाही, तेथील विद्यार्थ्यांना मी न वापरलेल्या डेटाबेसबद्दल प्रश्न विचारायला मन घेत नाही. उलट, आमच्या प्रत्येक ग्रंथाच्या शेवटच्या पानावर तारीखपट्टी चिकटवलेली आहे. एखादे पुस्तक कधी बाहेर गेले, किती वेळा गेले, मग कोणत्या वर्षापासून कपाटातच राहिले, हे सगळे त्या शिक्क्यांवरून दिसते. एका पट्टीवर १९७८ ते १९८४ या काळातले निळ्या शाईचे ३१ शिक्के आहेत आणि त्यानंतर थेट २०१६ चा एक. या पट्ट्यांवर लघुप्रबंध होऊ शकतो का? मार्गदर्शक म्हणतात की ही 'नोंदवहीतली कारकुनी' आहे, संशोधन नव्हे. त्यांच्यासमोर हा विषय कसा मांडावा?

तिसरा प्रश्न थोडक्यात. माझे वय ३६ आहे. दूरशिक्षणाने मिळवलेल्या एम.लिब.वर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) देता येते का, आणि या वयात त्याचा उपयोग आहे का?

प्रतिसाद १ (निवृत्त अध्यापक, ग्रंथालयशास्त्र)

ताई, आपली पहिली अडचण जवळजवळ प्रत्येक वर्गात दरवर्षी दिसते आणि तिचे मूळ एकच असते: विद्यार्थी शीर्षक वाचल्याबरोबर सारणी उघडतात. सारणी बंद ठेवावी आणि आधी ग्रंथाचा विषय आपल्या बोलीत एका पूर्ण वाक्यात लिहावा.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. समजा, ग्रंथाचा विषय '१९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात जनावरांना केलेला चारापुरवठा' असा आहे. पहिल्यांदा मुख्य वर्ग ठरवावा, तो पशुपालन. मग या वाक्याला उलटीकडून प्रश्न विचारावेत, कारण शेवटची दोन तत्त्वे सर्वांत सोपी असतात. कधी? १९७२, हा काळ. कोठे? सोलापूर जिल्हा, हे अवकाश. काय केले? पुरवठा केला; ही क्रिया म्हणजे ऊर्जा. कशाचा? चाऱ्याचा, हा पदार्थ. आता जे उरले, ज्याच्याभोवती हा सगळा खटाटोप झाला, ती जनावरे, तेच व्यक्तित्व. रंगनाथनांनीही व्यक्तित्व ओळखण्याची हीच अवशेष पद्धत सांगितली आहे: बाकीची चार बाजूला काढल्यावर जे हाती राहते ते. पाठांतरात व्यक्तित्व पहिले येते, म्हणून विद्यार्थी तेच पहिले शोधू लागतात आणि तेथेच अडकतात. वाक्य असे फोडून झाल्यावरच सारणी उघडावी आणि स्वल्पविराम, अर्धविराम, कोलन ही चिन्हे क्रमाने लावावीत.

रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते. १९२४ मध्ये ते ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले आणि तेथील एका दुकानात मेकॅनोचे सुटे तुकडे जोडून वेगवेगळी खेळणी बनवताना त्यांनी पाहिली, तेव्हा त्यांना वर्गांकही असाच सुट्या भागांनी जुळवता येईल असे सुचले. १९३३ साली प्रसिद्ध झालेली कोलन पद्धती त्यातून उभी राहिली. ड्यूईमध्ये बराचसा क्रमांक तयार मिळतो, येथे तो आपण जुळवायचा असतो, एवढा भेद लक्षात ठेवून रोज आपल्याच कपाटातली पाच पुस्तके काढून अशी फोड करावी. कादंबऱ्या घेऊ नयेत. शेती, सहकार, आरोग्य या विषयांवरची घ्यावीत.

जाता जाता, मराठीला ८९१.४६ हा लांबलचक क्रमांक मिळाला याचा राग अनेकांना येतो, आणि तो रास्तही आहे, कारण ८१० ते ८८० ही सगळी जागा अमेरिका आणि युरोपच्या साहित्याने व्यापली आहे. मात्र आपल्या भाषेच्या साहित्याला प्राधान्य द्यायचे असल्यास ते ८१० मध्ये आणण्याचा पर्याय ड्यूई पद्धतीतच दिलेला आहे. परीक्षेत हा मुद्दा लिहिल्यास परीक्षक दखल घेतात. आपल्या वाचनालयात आता बदल करू नका. चौदा हजार चिठ्ठ्या पुन्हा चिकटवाव्या लागतील.

प्रतिसाद २ (महाविद्यालयीन ग्रंथपाल)

लघुप्रबंधाबाबत मी आपल्या बाजूने आहे. ई-संसाधनांच्या वापरावरचे प्रबंध आमच्या ग्रंथालयातच दोन कपाटे भरून आहेत आणि संस्थेचे नाव बदलल्यास त्यांतील बहुतेकांचे निष्कर्ष एकमेकांत खपून जातील.

मार्गदर्शकांना 'तारीखपट्टी' न म्हणता 'संग्रहवापराचे विश्लेषण' म्हणावे; हे ग्रंथालयशास्त्रातले जुने आणि प्रतिष्ठित संशोधनक्षेत्र आहे. रिचर्ड ट्रूझवेल यांनी १९६९ मध्ये मांडले की, सुमारे ८० टक्के देवघेव संग्रहातील २० टक्के ग्रंथांवर चालते. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, घेतलेल्या ग्रंथांपैकी जवळजवळ ४० टक्के ग्रंथ पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेले नव्हते. ही दोन्ही निरीक्षणे अमेरिकेतील विद्यापीठीय आणि तत्सम ग्रंथालयांतून पुढे आली. तालुक्याच्या मराठी सार्वजनिक वाचनालयात तीच स्थिती आहे की वेगळी, हा आपला संशोधनप्रश्न. त्याला रंगनाथनांच्या १९३१ मधील पाच सूत्रांपैकी तिसऱ्या सूत्राची, म्हणजे 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' याची जोड द्यावी, म्हणजे सैद्धांतिक बैठकीचे प्रकरणही उभे राहील.

सगळे १४,००० ग्रंथ तपासण्याच्या भानगडीत पडू नका. दाखल नोंदवहीतून दर दहावा क्रमांक घेतला तर १,४०० ग्रंथांचा पद्धतशीर नमुना मिळतो. सुरुवात कोणत्या क्रमांकापासून करायची ते एक ते दहामधून चिठ्ठी टाकून ठरवा, आणि ती पद्धत प्रबंधात लिहा. प्रत्येक ग्रंथासाठी दाखल दिनांक, वर्गांक, पहिला शिक्का, शेवटचा शिक्का आणि एकूण शिक्के एवढ्याच नोंदी घ्या. पुस्तकपत्रांवर सभासद क्रमांक असतील, तर ते मात्र उतरवून घेऊ नका. कोणी काय वाचले ही त्या वाचकाची खासगी बाब आहे आणि आपल्या प्रश्नाला तिची गरजही नाही. नोंदवहीत असलेला, पण कपाटात न सापडणारा ग्रंथ नमुन्यातून वगळू नका. 'गहाळ' असा वेगळा गट करा. अनेकदा सर्वाधिक वाचलेलीच पुस्तके गहाळ झालेली असतात आणि ती वगळली तर वापर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल.

पुढे कधी वाचनालयात कोहा ही मुक्त संगणकप्रणाली बसवलीत, तर देवनागरी शोधासाठी झेब्रा या तिच्या शोधयंत्राची अनुक्रमणी आयसीयू या युनिकोड लिप्या हाताळणाऱ्या पद्धतीवर ठेवायला सांगा. आमच्याकडे ते राहून गेले होते आणि जोडाक्षरांची शीर्षके वर्षभर सापडत नव्हती.

प्रतिसाद ३ (नेट उत्तीर्ण, सध्या कंत्राटी ग्रंथपाल)

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता त्या अभ्यासक्रमाला, आपण प्रवेश घेतला त्या वर्षासाठी असेल, तर पदवी नेट आणि सेट दोन्हींसाठी चालते. मान्यता विद्यापीठाला आहे एवढ्यावर थांबू नका. अभ्यासक्रम आणि वर्ष दोन्ही तपासा आणि त्या यादीची प्रत आजच जपून ठेवा, मुलाखतीच्या वेळी मागतात. पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ५० टक्के गुण लागतात, त्यामुळे लघुप्रबंधाचे गुण हलक्यात घेऊ नयेत. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला वयाची अट आहे, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला नाही; आपल्याला दुसरीच हवी. नेटमध्ये दोन्ही पत्रिका मिळून १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असते आणि तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतूनही मिळते, मात्र ग्रंथालयशास्त्राची पत्रिका कोणत्या भाषेत आहे ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

उपयोगाबद्दल स्पष्ट बोलतो. महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी एम.लिब.सोबत नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते आणि अनुदानित जागांची वाट पाहण्यात माझी स्वतःची पाच वर्षे गेली. सार्वजनिक वाचनालयात पगार अनुदानातून होतो, पदवीने तो वाढत नाही. म्हणून हातातली नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यासाला बसू नका, एवढेच माझे सांगणे. वरील महाविद्यालयीन ग्रंथपालांचे लघुप्रबंधाबद्दलचे मत मला पटते, पण मार्गदर्शकांशी वाद घालून विषय घेऊ नका. नमुन्याचे पहिले पन्नास ग्रंथ तपासून तक्ता त्यांच्यापुढे ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. सर, आपण सांगितल्याप्रमाणे वाक्ये लिहून पाहिली. सहकारी साखर कारखान्यांवरच्या पुस्तकात पूर्वी मी 'साखर' हेच व्यक्तित्व धरत होते, हे आता माझे मलाच दिसले.

तक्त्याची सूचनाही अमलात आणली. काल वाचनालय बंद झाल्यावर, चिठ्ठीत ७ निघाल्यामुळे, दाखल क्रमांक ७ पासून दर दहावा असे पन्नास ग्रंथ काढले. चार सापडलेच नाहीत. नऊ ग्रंथांच्या पट्ट्या कोऱ्या आहेत आणि त्यांपैकी एकाची पाने अजून कापलेलीसुद्धा नाहीत, दोन-दोन पाने वरच्या कडेला जोडलेलीच आहेत. एकूण शिक्के ६१२ भरले, त्यांतील ३९७ केवळ आठ कादंबऱ्यांवर आहेत. पन्नासावरून निष्कर्ष काढू नये हे कळते. तक्ता रविवारी मार्गदर्शकांना दाखवणार आहे.

त्याआधी एक शंका. पन्नासांपैकी सहा ग्रंथांची पुनर्बांधणी झालेली आहे आणि बाइंडरने जुनी पट्टी फाडून नवी चिकटवली आहे, त्यामुळे बांधणीपूर्वीचे शिक्के गेले. बांधणी नोंदवहीत त्यांच्या तारखा मात्र आहेत. पुस्तक वाचून वाचून खिळखिळे झाले म्हणूनच बांधायला गेले असणार, तेव्हा त्यांना कमी शिक्क्यांच्या गटात टाकणे चुकीचे ठरेल असे वाटते. अशा ग्रंथांचा वापर फक्त बांधणीनंतरच्या वर्षांवर मोजून वार्षिक सरासरी काढावी, की 'गहाळ'प्रमाणे त्यांचाही वेगळा गट करावा?